स्लॅबच्या जेवणाची यादी

घर बांधताना आमच्याकडे दोन जेवणं होतात. एक वास्तुशांतीचं. त्याला पत्रिका असते, मंडप असतो, मामा-मावश्या आहेर घेऊन येतात, आणि ज्यांनी घर बांधलं ती माणसं त्या दिवशी बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी पायाचे खड्डे खणत असतात. दुसरं जेवण स्लॅबचं. त्याला पत्रिका नाही, गुरुजी नाहीत, भावकीचा रुसवाफुगवा नाही. सकाळपासून ज्यांच्या केसांत सिमेंट गेलंय तीच माणसं हातपाय धुऊन पंगतीला बसतात आणि घरमालक वाढतो. मला विचाराल तर घराचं खरं जेवण हेच. वास्तुशांती मी गुरुजींच्या आणि नणंदांच्या हवाली करायला तयार आहे. स्लॅबचं जेवण मात्र मी मागून घेतलंय.

औसा तालुक्यातल्या आमच्या गावात, जुन्या वाड्याच्या जागेवर, हजार फुटांचं घर उठतंय. कॉलम उभे राहिले, भिंती लिंटेलच्या वर गेल्या, सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबखालच्या साच्याच्या, प्लेटा ठोकून झाल्या, आता लोखंड बांधणं चाललंय. सिमेंट, सळई आणि गुत्तेदाराशी होणारी हुज्जत आमच्या ह्यांच्याकडे. माझ्याकडे एक दोनशे पानी वही, आणि पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेला प्रश्न: जेवायला कोण?

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. स्लॅबच्या दिवशी मिक्सर-लिफ्ट घेऊन जी टोळी येते, ती आमची नव्हेच. सकाळी येणार, माल टाकणार, संध्याकाळी पैसे मोजून पुढच्या गावाला जाणार. त्या एका दिवसात सगळ्यात जास्त घाम त्यांचाच गळतो हे खरं. पण गेले पंधरा दिवस बल्ल्या उभ्या करून, ओळंबा लावून, प्लेटेला प्लेट जोडणारे सेंटरिंगवाले वेगळे. उन्हात उकिडवं बसून तारेने सळईला सळई बांधणारे फिटर वेगळे. लोखंडाच्या जाळीतून पाईप ओवून गेलेला लाइटवाला पोरगा वेगळा. आमचे मिस्त्री आणि त्यांचे दोन गवंडी तर घरचेच. आणि पाया खणणारे? ते आले होते पावसाळ्याच्या आधी. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. डोक्यावरून माती वर फेकत ती माणसं पुरुषभर खोल गेली. आज त्यांच्या कामातलं काहीही दिसत नाही. ह्यांचं म्हणणं, "त्यांचा हिशेब केव्हाच झालाय." हिशेब झालाय, जेवण राहिलंय. मी त्यांची नावं वहीत सगळ्यात वर घातली.

स्लॅबचा दिवस लग्नाच्या दिवसापेक्षा जास्त वेळेला बांधलेला असतो. लग्न तासभर पुढे-मागे झालं तर कुणी मरत नाही. स्लॅब एकदा सुरू झाला की थांबवता येत नाही. आधी पडलेला माल आवळायला लागला आणि मग त्याच्या शेजारी नवा माल ओतला, तर दोन्ही एकजीव होत नाहीत. मध्ये सांधा राहतो आणि पुढे पावसाचं पाणी नेमकं तिथूनच शोधत येतं. म्हणून त्या दिवशी जेवणाची सुट्टी नसते. मिक्सर बंद पडला, डिझेल संपलं किंवा व्हायब्रेटरची सुई अडली तर बसायला मिळालं, एवढंच. सकाळी सातला सुरुवात झाली तर दुपारी दोन-तीनच्या सुमाराला शेवटची पाटी पडते. तोवर माणसं कशावर काम करणार? म्हणून सकाळी साडेसहाला सुशीला. लातूरकडे पाहुण्याला विचारायचं नसतं की सुशीला चालेल का. मुरमुरे भिजवले, शेंगदाणे-हिरवी मिरची परतली की दहा मिनिटांत पातेलंभर तयार. मग दर दोन तासांनी चहा, आणि बाराच्या सुमाराला उभ्या उभ्या खाता येईल असे धपाटे नि शेंगदाण्याची चटणी. हातावर घ्यायचं, खायचं, पाणी प्यायचं, परत पाटी उचलायची. पंगत त्यानंतर.

दिवस ठरवतानाही अशीच गंमत. मुहूर्त काढून देणारे गुरुजी मिळतात, पण स्लॅबचं पंचांग मजुरांच्या हातात असतं. अमावस्येला गवंडी कामाला हात लावत नाही. ती त्याची जुनी हक्काची सुट्टी, रविवारच्या कितीतरी आधीची. दिवाळीनंतर आमच्या भागातली, आणि शेजारच्या बीडची तर झाडून, बिगारी माणसं कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात ती शिमगा-पाडव्यापर्यंत परतत नाहीत. परत येतात तोवर ऊन चाळीसला टेकलेलं असतं, आणि तसल्या उन्हात टाकलेला स्लॅब पाणी धरण्याआधीच सुकून केसासारखा तडकतो. आठवडी बाजाराच्या दिवशी पगार हातात हवा असतो, काम नको असतं. सोमवार निम्म्यांचा उपास, गुरुवार उरलेल्यांचा, एकादशी माळकऱ्यांची. हे सगळं वजा करून महाशिवरात्रीनंतरचा एक बुधवार उरला. ज्योतिषाने तो मध्यम सांगितला. मिस्त्री म्हणाले, "ताई, मिक्सरवाल्याला तोच दिवस मोकळा हाय. मंजी उत्तमच झाला की."

आत्याबाईंच्या काळी असा हिशेब नव्हता. माझ्या सासूबाई, पंच्याऐंशीच्या पुढच्या. गळ्यात तुळशीची माळ, कानाने थोड्या जड, बाकी सगळं टणटणीत. जुना वाडा त्यांच्या लग्नानंतर वाढवला गेला, तेव्हाचं त्यांना नीट आठवतं. माळवदाचं घर खणांवर मोजलं जायचं. खांब उभे करायचे, खांबांवर तुळई, तुळईवर सरं, सरांवर लाकडाच्या किलचा, मग तुराट्या नि लिंबाचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती, धोपटून, पाणी वाहून जाईल असा उतार देऊन. यातला तुळई चढवायचा दिवस मोठा. वाड्याच्या मधल्या खणाची तुळई म्हणजे अख्खा सागाचा ओंडका, तो वर न्यायला दोराला गल्लीतली सगळी माणसं लागायची. आणि सगळी जमली, दोर बांधून झाले, की सुतार खाली बसायचा.

"तुळई जड झाली म्हनायचा," आत्याबाई सांगतात. "हलंना म्हनायचा. आता काय करावं? मग मामांनी पटका आनला, धोतरजोडी आनली, नारळ दिला, त्याच्या बायकोला खण-लुगडं दिलं. मग उठला. मग हलकी झाली की वो तुळई!"

मला हे फार आवडलं. वर्षभर बलुत्यावर काम करणारा माणूस, गावाच्या उतरंडीत कुठेतरी खालच्या पायरीवर उभा असलेला, त्या एका घटकेला अख्ख्या वाड्याला थांबवून ठेवतो. मालकाला ठाऊक असतं की हे नाटक आहे, सुतारालाही ठाऊक असतं, दोर धरून उभी असलेली माणसं हसत असतात. तरी पटका द्यावाच लागतो. न देता तुळई चढवली असं कुणी केल्याचं आत्याबाईंच्या ऐकण्यात नाही. आणि मग त्या दिवशीचं जेवण: गुळाची लापशी, वरून तुपाची धार, येसराची, म्हणजे भाजून कुटलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची आमटी, ज्वारीच्या भाकरी. सुताराचं पान पहिलं.

माझा भाचा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. घराचं ऐकून त्याने त्याच्या ऑफिसातल्या एकाच्या घराचा व्हिडिओ पाठवला. तिकडे या दिवसाला रिश्टफेस्ट म्हणतात. छपराचा लाकडी सांगाडा चढवून झाला की आढ्यावर फरसारख्या सदाहरित झाडाच्या फांद्यांचं, रंगीत फिती लावलेलं मोठं कडं टांगतात. मग सुतार त्यांच्या काळ्या मखमली कपड्यांत, हॅट घालून वर उभा राहतो आणि सगळ्यांसमोर पद्यात भाषण करतो. घराचं भलं होवो, मालकाचं भलं होवो, बांधणाऱ्या हातांचं भलं होवो. प्रत्येक शुभेच्छेला एक घोट, आणि शेवटी रिकामा पेला वरून खाली आपटायचा. फुटला तर शुभ. मग मालकाच्या खर्चाने सगळ्या कारागिरांना जेवण. घर पुरं व्हायला अजून अर्धं काम बाकी असतं, पण हा सण घरात राहणाऱ्यांचा नव्हेच. शेजारच्या नेदरलँड्समध्ये आढ्यावर झेंडा लावतात आणि मालक कामगारांना बिअर पाजतो. मालक चिक्कू निघाला तर झेंड्याच्या जागी झाडू टांगायची रीत. अख्ख्या गल्लीला कळावं म्हणून.

व्हिडिओ आत्याबाईंना दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला. झाडूचं ऐकून खूप हसल्या, आपल्या सुताराला हे सुचलं नाही म्हणाल्या. मग विचारलं, "तिथं बाया कामाला नसतात का?"

व्हिडिओत तरी नव्हत्या. आमच्या साइटवर आहेत. पायाच्या वेळी होत्या, विटा वाहायला होत्या, भिंतींना पाणी मारायला आहेत, आणि स्लॅबला मिक्सरच्या तोंडाशी खडी-वाळूच्या पाट्या ओतायला त्याच असणार. लिफ्ट आल्यापासून डोक्यावर पाटी घेऊन शिडी चढणं गेलं, तेवढं एक बरं झालं. हजेरी मात्र गड्यापेक्षा कमी. आणि स्लॅबचं जेवण? गावातली पद्धत मी इतकी वर्षं पाहतेय. स्लॅब दुपारी संपतो. बकरं शिजायला संध्याकाळ होते. तोवर बायका घरी गेलेल्या असतात, कारण त्यांना त्यांच्या चुलीवर भाकरी टाकायच्या असतात. रात्री आठ-नऊला बल्बच्या उजेडात गडी बसतात, कोपऱ्यात बाटल्या फुटतात, बाराच्या सुमाराला कुणाचं तरी कुणाशी तरी भांडण लागतं, आणि बायकांच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी जिलेबीचा एक पुडा येतो. आलाच तर. खुद्द नवऱ्याने स्लॅबचं मटण खाल्लेलं आणि बायकोला फक्त त्याच्या तोंडाचा वास मिळालेला, असं आमच्या गल्लीतल्या एकीने मला हसत हसत सांगितलं होतं. ती स्वतः दिवसभर त्याच स्लॅबवर खडी टाकत होती.

तेव्हा वहीच्या दुसऱ्या पानावर मी लिहिलं: जेवण दुपारी चारला, उजेडी. अंधार पडायच्या आत पंगत उठली पाहिजे. पहिल्या पंगतीला बायका आणि त्यांची पोरं.

मिस्त्रींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांच्या अडचणी दोन. एक, चारला जेवण म्हणजे बकरं सकाळीच कापावं लागणार. दुसरी त्यांनी बोलून दाखवली नाही, पण अंगठा तोंडाकडे नेऊन दाखवली. बाटली नाही, मी म्हटलं. त्याऐवजी प्रत्येकाला पाकीट, बाई असो की गडी, रक्कम एकच, आणि ते हातोहात, मुकादमामार्फत नाही. यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मुकादम त्यांचा मेव्हणा लागतो.

बकऱ्याचा तिढा वेगळा. "स्लॅबला रगत दावावं लागतंय ताई," मिस्त्री म्हणतात, आणि ते थट्टेत म्हणत नाहीत. दुसरीकडे आत्याबाईंची माळ. त्यांच्या हयातीत वाड्याच्या उंबऱ्याच्या आत मांस आलं नाही. मला स्वतःला दोन्हीकडचं कळतं. वर्षभर चटणी-भाकरी खाणाऱ्याला एक दिवस भरपेट मटण हवं असेल तर त्यात अंधश्रद्धा शोधत बसायचं कारण नाही. आणि एका म्हाताऱ्या वारकरी बाईला तिच्याच घराच्या पहिल्या दिवशी अंगणात रक्त दाखवायचं, हेही मनाला पटत नाही. तोडगा आत्याबाईंनीच काढला. मटण शेतातल्या लिंबाखाली शिजेल, चुलतदीर तिथे उभे राहतील, आणि पातेलं सरळ पंगतीत येईल. पंगत घरात नाही, समोरच्या रस्त्यावर. "रस्ता काय माझा हाय का?" त्या म्हणाल्या. लापशी, वरण आणि वांग्याची भाजी मात्र त्यांच्या देखरेखीखाली, आमच्या चुलीवर. माळकऱ्यांची वेगळी रांग. रक्त दाखवायचं म्हणाल तर मिस्त्रींनी मिक्सरला नारळ फोडावा आणि हळद-कुंकू लावावं. कुंकवाचा रंग लालच असतो.

आत्याबाई जेवणात इतकं लक्ष घालताहेत, याचं आम्हाला सगळ्यांना नवल वाटतंय. कारण त्यांना स्लॅब नकोच होता.

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून दमून झोपलेली माणसं. रिश्टर मापकावर ६.२ च्या आसपासचा धक्का. जगात असे भूकंप अधूनमधून होतच असतात, पण आमच्याकडे किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत आठ ते दहा हजार माणसं गेली. जमिनीने मारलं त्यापेक्षा घरांनी मारलं. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या दगडी भिंती दिसायला किल्ल्यासारख्या, पण आतून दोन पदरी: बाहेरून एक रांग, आतून एक रांग, मध्ये चिखल आणि दगडगोट्यांची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. हादरा बसला की एक पदर बाहेर, एक आत. आणि डोक्यावर माळवद. दर साल मृगाच्या आधी गळतीवर उपाय म्हणून वर नवी माती टाकायची, जुनी काढायची नाही, असं करत करत कुठे दीड फूट, कुठे त्याहून जाड झालेलं.

आमचं गाव ज्या ५२ गावांचं पूर्ण पुनर्वसन झालं त्यांत नव्हतं. आम्ही दुरुस्तीतले. वाड्याच्या बाहेरच्या भिंती रस्त्यावर गेल्या, पण मधल्या खणाचं लाकूड उभं राहिलं. खांबांनी ती सागाची तुळई तशीच तोलून धरली. आत्याबाई त्याच खणात झोपल्या होत्या. शेजारच्या घराला खांब नव्हते, सरं थेट भिंतीत घुसवलेली. भिंत सरकली तसं सगळं छप्पर खाली बसलं. त्या घरात आत्याबाईंची जिवाची मैत्रीण होती. नंतर तज्ज्ञ आले, त्यांनी पाहणी केली, अहवाल लिहिले. भिंतींपासून स्वतंत्र लाकडी सांगाडा असलेली घरं तुलनेने टिकली, हे त्यांनीही नोंदवलं. म्हणजे दोराला लावून माणसांना अडवून बसलेला तो सुतार आपला पटका पुरेपूर कमावून गेला होता.

त्यानंतर गावात कुणी माळवद नव्याने घातलं नाही. पत्रे आले. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली भाकरीचं पीठ परातीत आपोआप गरम होतं, पण माणसं म्हणायची, पत्रा पडला तर कपाळ फुटंल, जीव तर नाही जायचा. आत्याबाई तीस वर्षं पत्र्याखाली राहिल्या, आणि थंडीतसुद्धा शक्य तितक्या रात्री अंगणात झोपल्या. स्लॅब म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर एकच यायचं: वर वजन.

त्यांना पटवलं ते माझ्या पुतण्याने. तो सिव्हिलचा डिप्लोमा करतोय. त्याने दारातल्या शहाबादी फरशीवर खडूने हिशेब मांडला. दीड फूट मातीचं माळवद म्हणजे एका चौरस फुटावर साधारण सत्तर किलो. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब म्हणजे तीसच्या आसपास. हजार फुटांच्या घराला माळवदाचं वजन सत्तर टन, स्लॅबचं तीस. निम्म्याहून कमी. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वजनाचं ऱ्हाऊ दे. धरलंय कशानं ते सांग."

हाच तर प्रश्न, आणि त्याचं उत्तर देताना पुतण्याला घाम फुटला. त्याने त्यांना कॉलमजवळ नेलं. उभ्या सळया, त्यांना वेढणाऱ्या रिंगा. रिंगेची टोकं नुसती काटकोनात वाकवून सोडली तर हादऱ्यात ती उघडतात, म्हणून ती आतल्या बाजूला, १३५ अंशांत वळवायची. तुळईच्या जागी बीम, आणि बीमची सळई कॉलममध्ये खोल रोवलेली. किल्लारीचा परिसर भूकंपाच्या नकाशावर पूर्वी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारित संहितेत तो तिसऱ्यात आला. आत्याबाईंना नकाशाशी घेणंदेणं नव्हतं. त्यांना रिंगा कळल्या. "बांगड्या भराव्या तशा भरल्यात की," त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी काठी टेकत साइटवर जातात आणि फिटरच्या पोरांना विचारतात, "टोक आत वळिवलं का रं?" पोरं सुरुवातीला हसायची. परवा एका कॉलमच्या चार रिंगा त्यांनी आजींच्या धाकाने सोडून परत बांधल्या. इंजिनिअर आठवड्यातून एकदा येतो, आजी रोज येतात.

त्या फिटरच्या पोरांना काय खायला आवडतं हेही त्यांनी विचारून ठेवलंय. दोघं लातूरचे आहेत, त्यांना बालुशाही हवी. यादीत बालुशाही चढली.

विधी आम्ही थोडेच ठेवतोय. सकाळी मिक्सरची पूजा, नारळ, पहिली पाटी आत्याबाईंच्या हातची. पूर्ण पाटी त्यांना झेपणार नाही, तेव्हा त्या हात लावतील आणि मिस्त्री ओततील. पुढच्या कोपऱ्यातल्या कॉलमच्या वर आलेल्या सळईला लिंबाचा डहाळा. दृष्ट लागू नये म्हणून काळी बाहुली नि जुनी चप्पल मिस्त्री त्यांच्या हाताने टांगतील, त्याला माझी हरकत नाही. गावातल्या अर्धवट घरांवरून इतकी जोडी लोंबकळताना पाहिलीय की ती नसली तर घर उघडं वाटेल. टॉवेल-टोपी सगळ्या गड्यांना, बायकांना ब्लाउजपीस नको, साडी. ब्लाउजपीस पेटीत पडून राहतो आणि पुढच्या कुणाच्या तरी ओटीत जातो, तो माझ्याकडेच तीनदा फिरून आलाय. भाषण? जर्मनीतल्या सुतारासारखं आमच्या मिस्त्रींनी पाच मिनिटं बोलावं असं मला फार वाटतं. त्यांना म्हटलं तर म्हणाले, "काय बोलायचं? गळणार नाय, एवढं सांगतो." मला तेवढं पुरे आहे, आणि चारचौघांत सांगितलं तर त्यांनाही ते निभवावं लागेल.

पाण्याची मात्र धाकधूक आहे. जेवून सगळे गेले तरी स्लॅब जेवायचाच असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर सिमेंट-वाळूची आळी घालायची, चौकोन चौकोन, आणि त्यांत पाणी भरून ठेवायचं. किमान सात दिवस, आमच्या कोरड्या हवेत दहा, आणि मिस्त्री म्हणतात तसं जमलं तर दोन आठवडे. काँक्रीटला पाणी सुकायला नाही, प्यायला लागतं. त्यातलं सिमेंट पाण्याशी मिळूनच घट्ट होत जातं. मराठवाड्यात हे सांगणं सोपं, करणं अवघड. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, पाच लाख लिटर घेऊन, आणि स्टेशनवर माणसं ती बघायला गेली. त्या साली आमच्या नात्यातल्या एकांनी पाया भरून झाल्यावर घर तसंच सोडलं. प्यायला नाही तिथे भिंतीला कुठून पाजायचं? यंदा बोअरला पाणी आहे. तरी दोन टँकर सांगून ठेवलेत. पाणी मारायला जो पोरगा राहणार आहे, तो पंगतीत बसेलच असं नाही, कारण तेव्हा त्याला वर पोती झाकायची असतील. त्याचा डबा आधी बाजूला काढायचा, हे मी लाल शाईने लिहिलंय.

आता बाजार. माणसं पंचेचाळीस धरली आहेत, पोरंबाळं धरून पन्नास. मटण बारा किलो. ज्वारीचं पीठ पंधरा किलो, भाकरी थापायला गल्लीतल्या पाचजणी येतील, त्यांचीही साडी. लापशीला गहू भरडायला टाकलेत. गूळ घरचा नाही, पण जवळच्याच गुऱ्हाळातला. येसर आत्याबाईंनी स्वतः भाजून कुटून ठेवलाय, त्यात कुणाला हात लावू देत नाहीत. पत्रावळ्या पळसाच्या मिळतात का ते औशात बघायचं, नसतील तर स्टीलची ताटं भाड्याने आणायची. थर्माकोल नको, वाऱ्याने उडून ओल्या स्लॅबवर जाऊन चिकटतो. कुत्री हाकलायला दोन पोरं ठेवायची. गावातल्या निम्म्या स्लॅबवर कुत्र्यांची पावलं उमटलेली आहेत.

आणि लाइटवाल्या पोराला आज रात्रीच फोन करायचाय. स्वयंपाकघरातल्या पंख्याचा हूक तो ओट्याच्या बरोब्बर वर काढून गेलाय, गॅस पेटणार नाही असा. काल विचारलं तर म्हणाला, "जेवायला येणारच हाय की मावशी, तवा बघतो." जेवायला बसायच्या वेळेपर्यंत तो हूक पाच इंच काँक्रीटमध्ये गेलेला असेल.